विन्याला, भाच्याच्या रिपोर्टबद्दल

दापोली
आषाढ वद्य

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘लॅमिन ए/सी’ या प्रथिनाच्या जनुकात बदल, म्हणजे एमरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू सावकाश दुबळे करणारा आजार. ‘वाढीचं वय आहे, व्यायाम करा’ म्हणून दोन वर्षं गोळ्या देणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल आता बोलत नाही. बोललो तर पानं पुरायची नाहीत.

तू विचारलंस की दोष पेशीतल्या केंद्रकाच्या आवरणात आहे, ते आवरण तर यकृतातही आहे नि कातडीतही. मग पोराचे कोपर आणि टाचाच का आखडल्या, आणि डॉक्टर सारखं हृदयाचंच का विचारतात?

आपण शाळेत काढायचो ते गोलातल्या गोलाचं चित्र आधी डोक्यातून काढ. केंद्रक पेशीत सुटं तरंगत नसतं. त्याला दोन पडदे असतात आणि आतल्या पडद्याला लागून लॅमिन प्रथिनांचं बारीक जाळं असतं, केंद्रकाला ताठपणा येतो तो त्याच्यामुळे. बाहेर पेशीचा सांगाडा: ॲक्टिनचे तंतू ७ नॅनोमीटर जाडीचे, मायक्रोट्यूब्यूलच्या नळ्या २५च्या, आणि मधल्या जाडीचे तंतू १०चे. बाहेरच्या पडद्यातली नेस्प्रिन आणि आतल्या पडद्यातली सन ही प्रथिनं दोन पडद्यांमधल्या फटीत एकमेकांना धरून असतात. नेस्प्रिन सांगाड्याला बांधलेलं, सन लॅमिनच्या जाळ्याला. त्यामुळे पेशी ओढली गेली की केंद्रकही ओढलं जातं.

पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत होड्या बांधून ठेवतात ना, तसंच हे. खुंटा भुसभुशीत जमिनीत असला तरी पाणी शांत असेतो कुणाला पत्ता लागत नाही, उधाण आलं की कळतं. यकृताच्या पेशीला उधाण नाही. स्नायूला आहे, आणि हृदयाला तर दिवसाला लाखभर वेळा. लॅमिन कमकुवत असलं की अशा पेशींतली केंद्रकं वेडीवाकडी होतात, कुठे आवरणच फाटतं. अर्थात ताण हे अर्धंच उत्तर. लॅमिनचं जाळं डीएनएचे काही भाग कडेला धरून ठेवतं, कुठलं जनुक चालू नि कुठलं बंद यातही त्याचा हात असतो.

म्हणूनच या एका जनुकातल्या वेगवेगळ्या बदलांनी वेगवेगळे आजार होतात. एकात हातापायांवरची चरबी झडते, एकात मज्जातंतू जातात. प्रोजेरिया, ज्यात लहान मुलं म्हातारी दिसू लागतात, तोही याच जनुकाचा, हे २००३ साली कळलं. त्यावरच्या लोनाफार्निब या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तुला इंटरनेटवर ते सापडेलच, पण आपल्या पोराचा बदल निराळा आहे, त्याच्यासाठी ते औषध नाही.

परवा ताई त्याला घेऊन आली होती. पडवीत उकिडवा बसायला गेला तर टाचा टेकेनात. पानातलं बघायला मान खाली जाईना, अख्खा कमरेतून वाकायचा. तरी सोलकढी तीनदा मागून घेतली. एमरी आणि ड्रायफस यांनी १९६६ मध्ये हेच लिहून ठेवलं: कोपर, टाचा नि मान आधी आखडतात, अशक्तपणा सावकाश येतो, आणि हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग अडतो. पोटऱ्या फुगत नाहीत, म्हणून लोक फसतात. एमरींच्या नावावरून एमरिन म्हटलेल्या प्रथिनाचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. त्याच्यातल्या दोषाने होणारा प्रकार आईकडून मुलाला येतो. आपला लॅमिनचा, १९९९ मध्ये उलगडलेला. यात आईबापांपैकी कुणाही एकाकडून आलेली एकच सदोष प्रत पुरते. कधी दोघांतही नसतं, मुलातच नव्याने उपजतं.

आता खरं सांगायचंय ते. दाजींचे वडील पंचेचाळिशीत झोपेतच गेले आणि सगळ्यांनी अटॅक म्हणून सोडून दिलं, आठवतंय? या आजारात एकाच घरात कुणाचे स्नायू जातात, तर कुणाचं फक्त हृदय. दाजी आजही नारळाच्या झाडावर चढतात, म्हणून त्यांना काही नाही असं धरून चालू नकोस. दाजी आणि ताई, दोघांची जनुक तपासणी झाली पाहिजे, आणि दाजींचा ईसीजी आधी. पोराचा ईसीजी, होल्टर (चोवीस तास ठोके टिपणारं यंत्र) आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर वर्षी, त्याला काही होत नसलं तरी. उद्या कुणी पेसमेकर सुचवला तर एवढं विचार, की शॉक देणारं यंत्रच का नको? लॅमिनच्या आजारात नुसता मंदपणा नसतो, ठोके बेफाम होण्याचाही धोका असतो.

दाजींना शनिवारी ईसीजीला मी नेतो. सरळ सांगितलं तर यायचे नाहीत, खताच्या दुकानाचं निमित्त काढतो. होल्टर आणि जनुकांचं तिकडे मुंबईत बघ. तारीख मिळाली की कळव, खेडहून मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढतो.

तुझा,
नंदू

ता.क. वाडीतल्या कुणीतरी ताईला कळलावीचा कंद उगाळून पोटात द्यायला सांगितलंय. आजच फोन करून तो फेकून द्यायला सांग. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, ते मायक्रोट्यूब्यूल बनूच देत नाही. चांगल्या माणसाचे स्नायू त्याने दुबळे होतात, आणि कंद जास्त गेला तर माणूस दगावतो. माझं ती हसण्यावारी नेते, तुझं ऐकेल.