समुद्रात सोडलेल्या तेलाचा हिशेब लिटरमागे नको

महोदय,

समुद्रातील तेलप्रदूषण म्हटले की फुटलेली तेलवाहू जहाजे आठवतात; पण तेलविहिरी सुरळीत चालू असतानाही रोज समुद्रात काय सोडले जाते, याची चर्चा क्वचितच होते. तेलाबरोबर खडकांतले खारे, गरम पाणी वर येते आणि विहीर जुनी होत जाईल तसे तेल घटून हे पाणी वाढत जाते. तेल वेगळे काढून हे पाणी बहुतेक ठिकाणी समुद्रातच सोडतात, मात्र त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, विरघळलेली हायड्रोकार्बन संयुगे आणि विहिरीत वापरलेली रसायने उरतातच.

कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या थंड समुद्रासाठी मर्यादा आहे या पाण्याच्या लिटरमागे ३० मिलिग्रॅम तेलाची, तीही ३० दिवसांच्या सरासरीने. २४ तासांच्या सरासरीला ४४ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पाणी दुप्पट झाले की समुद्रात जाणारे तेलही दुप्पट होते आणि नियम मात्र पाळलेलाच राहतो! थंड पाण्यात तेलाचे बाष्पीभवन आणि जिवाणूंकडून होणारे विघटन मंदावते. शिवाय तिथे हिवाळा काढणाऱ्या मर आणि डव्हकी या समुद्रपक्ष्यांच्या पिसांना थोडे जरी तेल लागले तरी पिसांमधून पाणी आत शिरते, अंगातली ऊब जाते आणि पक्षी गारठून मरतो.

त्याच समुद्रातील टेरा नोव्हा या तेलक्षेत्रात नोव्हेंबर २००४ मध्ये तेल आणि पाणी वेगळे करणारी यंत्रणा बिघडली आणि सुमारे १,००० बॅरल तेल याच सांडपाण्याच्या वाटेने समुद्रात गेले. सुमारे १०,००० पक्ष्यांना त्याची झळ पोहोचली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सांडपाण्याची वाट रोजचीच असल्यामुळे बिघाड झाला की तीच गळतीची वाट ठरते, हे यातून दिसते.

आपल्याकडेही नियम लिटरमागेच आहे: ९५ टक्के नमुन्यांत ४० मिलिग्रॅमपर्यंत आणि कधीही १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. अरबी समुद्र उबदार असल्याने तेथे तेलाचे विघटन लवकर होते, हे मान्य. तरीही मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांतून वर्षाकाठी एकूण किती पाणी आणि त्यातून किती टन तेल समुद्रात जाते, हा आकडा क्षेत्रवार आणि सामान्य नागरिकाला सहज पाहता येईल अशा रीतीने दरवर्षी जाहीर करणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बंधनकारक करावे, आणि मर्यादाही त्या एकूण आकड्यावरच घालावी.

आपला,
एक वाचक, अलिबाग