'शून्य' स्कोअरचा अर्थ

संपादक महोदय,

हृदयरोहिण्यांच्या सीटी स्कॅनच्या सवलतीच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. परंतु कॅल्शियम स्कोअर आणि सीटी अँजिओग्राफी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. पहिलीत शिरेतून औषध द्यावे लागत नाही आणि रोहिणीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम तेवढे मोजले जाते; दुसरीत असे औषध देऊन रोहिणीतील अडथळे पाहिले जातात. कॅल्शियम न साचलेले चरबीचे मऊ थर पहिलीत दिसत नाहीत. माझ्या ४२ वर्षांच्या धाकट्या भावाने, जिना चढताना छातीवर दडपण येत असूनही, कॅल्शियम स्कोअर 'शून्य' लिहिलेला अहवाल कपाटात ठेवून दोन महिने डॉक्टरांकडे जाणे टाळले. पुढे सीटी अँजिओग्राफीत एका रोहिणीत मोठा अडथळा आढळला. लक्षणे नसलेल्याला शून्य स्कोअर खरोखरच दिलासा देतो, पण दुखणाऱ्या छातीचे ते उत्तर नव्हे. छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवरील स्कॉटलंडमधील अभ्यासात (२०१८) पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका वा हृदयरोहिणीच्या विकाराने मृत्यू यांचे प्रमाण केवळ नेहमीच्या उपचारांच्या गटात ३.९ टक्के, तर सीटी अँजिओग्राफीची जोड दिलेल्या गटात २.३ टक्के होते. तपासणी केंद्रांनी 'छातीत त्रास असल्यास हा अहवाल पुरेसा नाही' हे वाक्य अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे