धिंगाणा नव्हे, कार्यक्रम होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवारच्या अंकातला शहराच्या पानावरचा लेख वाचला आणि चहा तसाच राहिला. अंधेरीत झालेल्या बँडच्या ज्या छोट्या कार्यक्रमाला आपल्या लेखकाने ‘रात्री उशिरापर्यंत चाललेला कर्कश धिंगाणा’ म्हटलं आहे, तिथे मी होतो. नुसता होतो असं नाही, आवाज सांभाळायच्या मिक्सरवर मीच बसलो होतो. त्यामुळे मला गप्प बसता येणार नाही.

पहिली गोष्ट, ‘उशिरापर्यंत’ हे साफ चूक आहे. कार्यक्रम ९ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला. बंद पाडला गेला. तिसऱ्या बँडचं दुसरं गाणं चालू असताना कुणाचा तरी फोन आला, जागेच्या मालकाने कुणाला काही न विचारता मेन स्विच खाली ओढला. अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, चालू असताना असा करंट तोडला की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो, स्पीकर बिघडू शकतो. बास गिटारचा स्पीकर त्या रात्रीपासून खरखरतोय. तो ज्या मुलाचा आहे, त्याने तो शिकवण्या करून घेतला आहे. हे छापायला कुणाला सुचलं नाही.

माझा धंदा साउंडचा. नाटकं, लग्नं, मंडळं सगळं केलं. पोरवयात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये वायरी ओढायला जायचो. खिडक्यांतून स्टेशनबाहेरचा गलका आत यायचा, नट प्रेक्षकांपासून हातभर अंतरावर. तेव्हाही तिथली प्रायोगिक नाटकं बघून नाकं मुरडणारे होते. आज त्याच नाटकांवर आपण पुरवण्या काढता.

त्या दिवशी भाचीचा फोन आला. ‘मामा, साउंडवाला आलाच नाहीये, येतोस का?’ ती बास गिटार वाजवते, हे मला माहीत होतं. काय वाजवते, हे कधी ऐकलं नव्हतं. अंधेरीतला पहिल्या मजल्यावरचा गाळा, जेमतेम २५ बाय १८ फूट, छत इतकं खाली की हात वर केला तर पंख्याला लागेल. ९० माणसं. तिकीट ४०० रुपये. अशा खोलीत ड्रमला माईक लावायचाच नसतो, झांजा तशाही गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरतात. मी स्पीकरमध्ये फक्त गळे सोडले. बाकी सगळं जसं वाजतं तसं.

पहिला बँड इंडी म्हणतात त्यातला. स्वतःची गाणी, त्यातली दोन मराठीत, एक विरार लोकलवर. दुसरा पंक, म्हणजे वेगवान, रांगडं रॉक. तीन पोरं, २४ मिनिटांत ११ गाणी. आपले लेखक लिहितात, ‘तीन कॉर्ड येत असल्या की झालं’. होय, तीनच कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकत्र छेडायचे सूर. पण त्या तिघांचा ठेका एकदाही हलला नाही, आणि एवढ्या वेगात न हलणं काय असतं हे तबल्याला साथ दिलेल्या कुणालाही विचारा. शब्द स्वच्छ कळत होते. घरभाडं, नोकरी, बाप. रागाने गात होते आणि खरं गात होते.

तिसऱ्या गाण्याला बास ड्रम, पायाने वाजवतात तो मोठा ड्रम, पुढे सरकायला लागला. खाली गुळगुळीत टाइल्स, सतरंजी टाकायची कुणाला आठवण नाही. प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे. ड्रमर पाय लांब करत करत स्टुलाच्या टोकाला आला. तेवढ्यात पुढे नाचणारा एक मुलगा खाली बसला, ड्रमला पाठ लावली, दोन्ही टाचा फरशीत रोवल्या आणि उरलेली आठही गाणी तसाच बसून राहिला. प्रत्येक ठोका त्याच्या पाठीत जात असणार. तोंडभर हसत होता. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, हजार-दोन हजारांच्या मैदानात प्रेक्षक असं काही करू शकत नाही. तिथे मध्ये लोखंडी कठडा असतो.

करंट गेल्यावर भांडण, आरडाओरड काही झालं नाही. तोच मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘काका, वायर कुठल्या बाजूने गुंडाळायची?’ दहा-बारा पोरांनी सगळं सामान खाली उतरवून दिलं. आपल्या लेखात यांना ‘नशेतला जमाव’ म्हटलं आहे. त्या जागी दारू मिळतच नाही. पाणी आणि लिंबू सरबत.

आवाजाचं म्हणाल तर माझ्या पिशवीत मीटर असतो. समोरच्या फुटपाथवर ६३ डेसिबल भरला, त्यात रिक्षाही आल्या. व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ आहे आणि नियमात रात्र सुरू होते ती १० वाजता. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, लिहिण्याआधी वाचायला हवे होते. मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरच्या भिंती रचून छाती हादरवणारा आवाज आणि दार लावून ९० माणसांसाठी केलेला कार्यक्रम, दोन्हींना एकाच ओळीत बसवणं हा अन्याय आहे. मी त्या भिंतीही लावल्या आहेत, म्हणून फरक सांगतोय.

या शहरात जागा उरल्यात किती? धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून रॉक ऐकायला पोरं गर्दी करायची, ते शांतता क्षेत्रात आलं आणि संपलं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं ब्लू फ्रॉग २००७ ला उघडलं, २०१६ ला मिटलं. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड, ते नेरूळच्या स्टेडियमवर आले तेव्हा आपण पानंच्या पानं दिलीत, जरूर द्यावीत. पण तेही कधीकाळी छोट्या खोलीतच वाजवत होते.

आणखी एक. आपल्या पेपरात ‘आजचे कार्यक्रम’ असं सदर यायचं. माझी आई ते वाचून मला गाण्याला न्यायची. ते कधी बंद झालं कळलंही नाही, आता तिथे दागिन्यांची जाहिरात असते. एका ओळीत जागा, वेळ, तिकीट एवढंच छापलं असतं तर आपल्या लेखकालाही त्या दिवशी वर येऊन ऐकता आलं असतं. तो खाली रस्त्यावरूनच परत गेला, असं चहावाल्याने मला सांगितलं.

९.४० या वेळेची आणि दारूबद्दलची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापावी, ही विनंती. पुढचा कार्यक्रम ठरला की मी कार्यालयात निरोप देईन. सतरंजी या वेळी मी घरून नेणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे