अंगणातल्या कडुनिंबावर कावळ्याचा खोपा

मा. संपादक महोदय,

अक्षय तृतीया जवळ आली की कावळ्याने खोपा आंब्यावर केला की बाभळीवर, यावरून पावसाचे अंदाज वर्तमानपत्रांत छापून येतात. पण तो खोपा ज्याच्या अंगणातल्या कडुनिंबावर आहे, त्याने पुढचे दोन महिने कसे काढायचे, हे कुणी लिहीत नाही. मग कुणी बांबूने खोपा पाडतो, कुणी पोरांच्या हाती गुलेर देतो, आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

आधी पाखरू ओळखावे. मान राखाडी असलेला तो गावकावळा. अंगाने थोराड, सगळा काळाभोर आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. डोमकावळ्याची वीण जरा आधी, साधारण मार्चपासून. गावकावळ्याची बहुतेक एप्रिल ते जुलै. गावकावळा चार-पाच अंडी घालतो, १६-१७ दिवसांत पिल्ले निघतात आणि ती तीन ते चार आठवडे खोप्यात राहतात. म्हणजे अंडे पडल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सहा-सात आठवडे. खोपा मधेच पाडला की जोडपे गाव सोडून जात नाही. शेजारच्या झाडावर, कधी त्याच झाडावर, पुन्हा काड्या आणून पहिल्यापासून सुरुवात करते. जे जूनमध्ये आटोपले असते ते पोळ्यापर्यंत लांबते.

खोपा नकोच असेल तर त्याची वेळ जानेवारी-फेब्रुवारी. बाज टाकतो त्या जागेवर आणि पाण्याच्या टाकीवर आलेल्या फांद्या विरळ कराव्यात. तीन-चार फांद्या एकत्र फुटतात ते बेचके कावळा पाहतो. ते मोडले की तो जागा बदलतो. काड्या रचायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या काढून टाकल्या तरी चालते. अंडी पडली की मात्र हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे, त्यामुळे ‘कावळ्याला कसला कायदा’ हे आता चालायचे नाही. शिवाय त्या अंड्यांत एखादे कोकिळेचे असू शकते. ते कावळ्याच्या अंड्यांआधी फुटते. कोकिळेचे कौतुक करायचे आणि तिचे पाळणाघर पाडायचे, असा तो प्रकार होतो.

मोबाइलवर दिसणारे धुराड्याला जाळी बसवायचे उपाय इथे निकामी आहेत. ते युरोपातल्या जॅकडॉ नावाच्या लहान कावळ्यासाठी आहेत, तो धुराड्यात नि भिंतीच्या भोकांत घर करतो. तिकडचा रूक उंच झाडांवर वसाहत करून राहतो, त्याचेही गणित वेगळे. आपल्याकडचे दोन्ही कावळे झाडाच्या बेचक्यात, नाहीतर विजेच्या खांबावर.

खरा वाद होतो तो वाळवणावरून, कारण कुरड्या, मुगवड्या आणि शेवयांचा मोसम नेमका हाच. जुने लुगडे पांघरून भागत नाही. कावळा पदर ओढून बाजूला करतो, आणि कापडाखाली ओल धरून वड्यांना वास लागतो. जुनी मच्छरदाणी सर्वांत चांगली, वाराही खेळतो. ती वाळवणाला टेकू देऊ नये. बाजेच्या चार कोपऱ्यांवर विटा उभ्या ठेवून वीतभर वर ताणावी आणि कडा दगडांनी दाबाव्यात. टेकली तर कावळा जाळीतूनच चोच मारतो. मोठ्या भोकांची नायलॉन जाळी वापरू नये, तिच्यात पाय अडकून पाखरू मरते. हिरवी शेडनेट चालते, पण दाट असेल तर वाळायला जास्त वेळ लागतो.

पाण्याकडे केलेले दुर्लक्ष त्याहून महागात पडते. कावळा वाळलेली पोळी भिजवून खातो, हाडेही पाण्यात आणून टाकतो. झाकण उडालेली प्लास्टिकची टाकी त्याला आयती मिळते. झाकण तारेने बांधावे, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावावी. टाकीत मांस, हाड किंवा विष्ठा सापडली तर नुसते उपसून उपयोग नाही: टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने घासावी, पुन्हा भरावी आणि १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, टाकावी. पावडर थेट टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि अर्धा तास थांबूनच पाणी वापरावे. पावडरीची पिशवी उघडी राहिली असेल तर तिचा जोर उडालेला असतो, तो डोस धरू नये. ढोरांच्या हौदावर अर्ध्या भागात फळ्या टाकल्या तरी बराच फरक पडतो.

कोंबडीच्या लहान पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे धोका. दिवसा डालगे किंवा आवाराच्या कडेला भिंतीशी तिरप्या टेकवलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या. कोंबडी पिल्लांसह त्यात शिरते, कावळा शिरायला कचरतो. अंडी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा उचलावीत. बैलाच्या खांद्यावर जखम असेल तर मलम लावून ती झाकावी, कावळा ती टोचून मोठी करतो.

डोक्यावर झडप घालायचे दिवस थोडेच असतात: पिल्ले खोपा सोडण्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा. हल्ला बहुधा मागून येतो. छत्री घ्यावी, नाहीतर दुपट्टा डोक्यावर गुंडाळावा आणि त्या झाडाखालून जाणे टाळावे. दगड मारणारा माणूस कावळ्याच्या लक्षात राहतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मुखवटे घालून हे तपासले गेले आहे. तिथला कावळा वेगळ्या जातीचा असला तरी गुलेर घेऊन फिरणाऱ्याला आपल्याकडेही हाच अनुभव येतो. बुजगावणे आणि चमकत्या सीडी दोन-चार दिवस चालतात. विष घालणे हा गुन्हा तर आहेच, वर शेजाऱ्याचे कुत्रे आणि कोंबड्या आधी मरतात. फोरेट या शेतातल्या जहाल कीटकनाशकावर २०२० अखेरपासून बंदी आहे, तरी घराच्या सांदीत जुने पुडके अजून निघते.

वादळात पिल्लू खाली पडले आणि जखमी नसेल तर ते घरात नेऊ नये. तळाला भोके असलेल्या टोपल्यात गवत घालून त्याच झाडाला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधावे. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा समज खोटा. दूध पाजू नये, चोचीत पाणी ओतू नये. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ क्रमांक आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सला उपचार केंद्र आहे.

घर बांधून झाल्यावर बंधन तारेचे तुकडे पडू देऊ नयेत. कावळा ते खोप्यात विणतो, आणि तोच खोपा डीपीवर असला की पहिल्याच वादळात गावाची वीज जाते. तो काठीने काढणे म्हणजे जिवाशी खेळ. लाइनमनला सांगावे. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत महावितरणने गावठाणातल्या खांबांवरचे खोपे पाहून घ्यावेत, अशी विनंती या पत्रातून करतो.

राहता राहिला मेलेला कावळा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले ते याच रोगाने. एखादा मेला तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलावा आणि चुना टाकून खोल पुरावा. एका ठिकाणी दोन-तीन दिसले तर काहीच उचलू नये. पोरांना, कुत्र्यांना आणि कोंबड्यांना दूर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तपासणीचे नमुने ताज्या पाखरातूनच घेता येतात.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ