ओट्याशेजारच्या खुर्चीबद्दल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे. मोठं घर आवरून छोट्या फ्लॅटमध्ये निघालेल्या माझ्या वयाच्या पुष्कळ बायका आहेत. लोकांची स्वयंपाकघरं त्यांच्या सोयीने नव्याने मांडून देण्याचं तुझं काम त्यांना कळायला हवं.

वाईचं घर विकून आम्ही दोघं कोथरूडच्या या वन बीएचकेमध्ये आलो तेव्हा स्वयंपाकघर पाहून मला रडू आलं होतं. सात बाय आठ फुटांची खोली, काळा ओटा, वर काळपट लाकडी कपाटं. खिडकी पूर्वेची, पण तिचा निम्मा उजेड कपाटानेच अडवलेला. वाईला माझ्या स्वयंपाकघरात पाट टाकून चार माणसं बसायची. इथे कुणी आलं तर ते दारातच उभं राहणार, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं.

तू आलीस आणि टेप काढण्याआधी म्हणालीस, "काकू, आधी पोळ्या करून दाखवा." मी सहा पोळ्या केल्या, तू बाजूला उभी राहून बघत होतीस. मग मला ताठ उभं करून, हात कोपरात वाकवायला लावून, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलंस. 36 इंच भरलं. बिल्डरचा ओटा 34 इंचांचा होता. ओटा कोपराच्या इतका जवळ असला की खांदे उचलून काम करावं लागतं आणि म्हणून ते दुखतात, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. तू ओटा 32 वर आणलास आणि शेगडीखालचा भाग आणखी 4 इंच उतरवलास, कारण शेगडीची स्वतःची उंची त्यात मिळते. आता पातेल्यात डोकवायला मला टाचा उचलाव्या लागत नाहीत.

उजेडाचं तर मी रोज सकाळी मनात म्हणते. मला वाटलं होतं, तू मोठा दिवा लावशील. तू आधी खिडकीशेजारचं कपाट काढलंस. मग समजावलंस की छतावरचा दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून उरलेल्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला, दिव्यांची पट्टी हवी. वय वाढलं की डोळ्यांना जास्त उजेड लागतो हेही तूच सांगितलंस, आणि ते इतक्या सहज सांगितलंस की मला म्हातारं झाल्यासारखं वाटलं नाही. मला ओट्याला पांढरा संगमरवर हवा होता. तू नमुन्याच्या तुकड्यावर हळद आणि लिंबू रात्रभर ठेवायला लावलंस. सकाळी तो डाग पाहिला आणि फिकट, ठिपक्यांचा ग्रॅनाइट मी स्वतःच निवडला.

भांड्यांचा दिवस कठीण गेला. सगळी हॉलमध्ये मांडून ठेवली होती. कल्हईची मोठी पातेली पुतण्याकडे गेली, तेव्हा तू काही बोलली नाहीस, नुसती शेजारी बसलीस. पुरणयंत्र, सोऱ्या आणि मोदकपात्र मात्र ठेवायचंच म्हणालीस, आणि तेही माळ्यावर नाही. स्टुलावर चढायची वेळच येऊ नये म्हणून सगळं कमरेखालच्या ट्रॉल्यांत बसवलंस. हॉलकडची भिंत उघडण्यापूर्वी इंजिनिअरला आणून ती भार घेणारी नाही याची खात्री केलीस, सोसायटीची परवानगी काढलीस. आता त्या झरोक्यातून सकाळचं ऊन हॉलमधल्या दिवाणापर्यंत येतं.

पण पत्र लिहायला बसले ते खुर्चीसाठी. आणखी एक कपाट सहज मावलं असतं, तिथे तू भिंतीला मिटणारी फळी लावलीस आणि समोर एक खुर्ची ठेवलीस. मी तेव्हा हट्टच धरला होता, की डब्यांना जागा कमी पडेल. तू म्हणालीस, "काकू, डबे कमी करू. माणसाला बसायला जागा हवी."

लग्नाला 44 वर्षं झाली. वाईला हे कधी स्वयंपाकघरात बसले नाहीत. पाटावर बायका आणि मुलं बसायची, पुरुषांचा चहा बाहेर जायचा. आता सकाळी सातला हे फळी उघडतात आणि समोर बसून मटार सोलतात, पेपरातलं काहीबाही मोठ्याने वाचतात. परवा यांनी मला त्यांच्या आईबद्दल असं काही सांगितलं, जे मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. माझे हात कणकेत होते. मी वळून फक्त बघत राहिले. खालच्या मजल्यावरच्या वहिनीही आता दारात उभ्या राहत नाहीत, सरळ आत येऊन बसतात.

तुझी फी आम्ही दिली, पण या बसण्याचं काय देणार, ते मला सुचत नाही.

डाव्या हाताच्या सगळ्यात खालच्या ट्रॉलीचा आवाज यायला लागलाय, तेवढं एकदा येऊन बघून जा. रविवारी ये, म्हणजे जेवूनच जाशील. डाळिंब्या भिजत घालते.

तुझी,
काकू