व्हॅक्यूम पंपातील गळतीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गुडघ्याखालच्या कृत्रिम पायासाठी घेतलेले तीन इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप सदोष असल्याबाबत

महोदय,

आमच्या कार्यशाळेने तुमच्याकडून घेतलेले तीनही पंप वॉरंटीत आहेत आणि तीनही व्हॅक्यूम धरत नाहीत. आम्ही दोनदा कळवले. तुमचे उत्तर दोन्ही वेळा एकच: सॉकेट (उरलेला पाय बसतो तो कडक साचा, ज्यातली हवा पंप ओढून घेतो) आणि स्लीव्ह (सॉकेटचे तोंड हवाबंद करणारी लवचीक बाही) तपासा. ते आधीच तपासले होते. सॉकेटच्या कडेवर घासून स्लीव्हला टाचणीएवढी भोके पडतात, मोजा वर सरकून स्लीव्हच्या सीलखाली आला की त्याच्या धाग्यांतून हवा शिरते, लॅमिनेशन (कापड आणि रेझिनचे थर) सच्छिद्र राहिले तर कार्बनचे सॉकेटही गळते. बहुतेक वेळा दोष यांतच सापडतो. या वेळी तो तिथे नाही.

पहिला पंप १८ इंच पाऱ्यावर (सुमारे ६१ किलोपास्कल) बंद व १४ वर पुन्हा सुरू होईल असा लावला. सॉकेटकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड टाकून वेगळा गेज बसवला. पंप थांबताच गेज आणि पंप यांच्यामधली नळी चिमट्याने दाबली, रुग्ण बसून. दहा मिनिटांत काटा अर्धा इंचही उतरला नाही, म्हणजे सॉकेटची बाजू गळत नाही. मग चिमटा गेजच्या पलीकडे, सॉकेटच्या बाजूला लावला. आता उरला फक्त पंप आणि वीतभर नळी. काटा ४० सेकंदांत १४ वर आला. पायावर हाच पंप दर चार मिनिटांनी, म्हणजे तासाला पंधरा वेळा सुरू होतो आणि दुपारीच बॅटरी संपते. बॅटरी संपली की पाय सॉकेटमध्ये वरखाली होऊ लागतो आणि कातडी सोलवटते.

साफसफाईसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेले झाकण काढून हवा उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह पाहिला. बदकाच्या चोचीसारखी ती रबरी फट. तिच्या दोन ओठांत मोज्याचा पांढरा तंतू आडवा अडकला होता आणि भोवती घामाच्या मिठाची खरपुडी. दुसऱ्या पंपातही तेच. मॅन्युअलच्या आकृतीत सॉकेट आणि पंप यांच्यामध्ये फिल्टर दाखवला आहे. खोक्यात तो नाही, सुट्या भागांच्या यादीतही नाही. मग तंतू आणि घाम थेट व्हॉल्व्हवर जाणारच, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर घाम वाळतच नाही.

तिसरा पंप कोरा आहे, तरी गळतो. व्हॅक्यूम असताना साबणाचे पाणी उपयोगाचे नाही, ते आत ओढले जाते आणि बुडबुडा येत नाही. म्हणून एक्झॉस्टचे छिद्र बंद केले, हातपंपाने नळीतून हलका दाब दिला आणि जोडावर ब्रशने साबण लावला. नळी बसते त्या खाचेदार तोटीच्या मुळाशी बुडबुडे आले. तोटी बॉडीत नीट चिकटवलेलीच नाही.

सगळ्यात गंभीर म्हणजे तुमच्या सेवा प्रतिनिधीने दिलेला सल्ला: "सेटिंग २५ इंचांवर न्या." त्याने गळती थांबत नाही, उलट जास्त व्हॅक्यूम टिकवायला मोटर आणखी चालते. लायनरच्या (कातडीवर चढवलेल्या मऊ आवरणाच्या) तळाशी थोडी जरी पोकळी असली तरी कातडी तिच्यात ओढली जाऊन फोड येतो. मधुमेहाने संवेदना गेलेल्या रुग्णाला तो जाणवतही नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाबच सुमारे ८६ किलोपास्कल. तिथे २५ इंच, म्हणजे जवळजवळ ८५, गाठता गाठता मोटर थांबणारच नाही. हा सल्ला आणखी कोणाला दिला असेल तर त्यांना आजच कळवा.

तिसरा पंप बदलून द्यावा. पहिल्या दोघांसाठी नवे व्हॉल्व्ह आणि आकृतीतला फिल्टर पाठवावा. नळीचे तोंड बंद असताना दहा मिनिटांत किती इंच घट चालते, तो आकडा मॅन्युअलमध्ये छापावा. तो नसल्यामुळे प्रत्येक वाद सॉकेटवर ढकलला जातो. गेजच्या नोंदी आणि भिंगाखालचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाऊ.

आपले,
कार्यशाळेतील प्रोस्थेटिस्ट व तंत्रज्ञ