गोळ्यांच्या अणुभट्टीची राहिलेली गोष्ट

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गोळ्यांच्या अणुभट्टीवरचा लेख वाचला. जर्मनीतल्या युलिशच्या पहिल्या भट्टीला त्यात एकच वाक्य मिळालंय : ‘१९६७ ते १९८८ यशस्वीपणे वीज दिली.’ खरी गोष्ट तर १९८८ नंतरची आहे.

ही भट्टी घडवणारे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ शुल्टेन यांचं डोकं मानायलाच हवं. ग्राफाइटचे ६ सेंटिमीटरचे, मुठीत मावणारे गोळे, आत युरेनियमचे बारीक कण. असे सुमारे १ लाख गोळे भट्टीत ओतायचे आणि त्यांच्या फटींतून हेलियम वायू खेळवायचा; त्याने आणलेल्या उष्णतेवर वाफ करून वीज काढायची. वरून टाकलेला गोळा हळूहळू तळाशी येतो. दम शिल्लक असेल तर पुन्हा वर. वीज अवघी १५ मेगावॉट, पण तो प्रयोगच होता.

सतत सरकणाऱ्या गोळ्यांत तापमापक बसवणार कुठे? अखेर १९८६ मध्ये वितळणाऱ्या तारा घातलेले गोळे आत सोडले. काही तारा १२८० अंश सेल्सियसला वितळणाऱ्या होत्या, त्याही वितळल्या. हिशेबात एवढी उष्णता नव्हतीच. त्याआधी १९७८ मध्ये वाफेच्या जनित्रातून गळून सुमारे २७ टन पाणी आत शिरलं होतं, ते वेगळंच.

या सगळ्याची किंमत बंद भट्टी मोडून आवरताना कळली. आत किरणोत्सारी ग्राफाइटची धूळ बसलेली, सुमारे २०० गोळे अडकलेले. गोळे ठेवायचं भट्टीचं पोलादी पात्र जागेवर कापणं अशक्य. मग २००८ मध्ये त्यात हलकं काँक्रीट ओतून धूळ जागच्या जागी गोठवली. तब्बल २१०० टनांचं ते धूड अख्खं उचलून आडवं केलं आणि २०१५ मध्ये जवळच बांधलेल्या कोठारात नेऊन ठेवलं. किरणोत्सार पुरेसा ओसरेपर्यंत ते काही दशकं तिथेच पडून राहणार. खर्च पहिल्या अंदाजाच्या कितीतरी पट झाला. बाहेर काढलेले सुमारे २ लाख ८८ हजार गोळे १५२ जाड पिंपांत भरले. ती कुठे न्यायची यावर वर्षानुवर्षं खल चालला. कायमची पुरायची जागा जर्मनीकडे अजूनही नाही.

चीनमध्ये अशाच गोळ्यांवरचं केंद्र २०२३ पासून व्यावसायिक वीज देतंय, त्यामुळे विषय जुना म्हणून सोडता येणार नाही. लेखकांनी प्रतियुनिट दराचं कोष्टक दिलंय, त्यात भट्टी आवरण्याचा रकाना नाही. पुढच्या लेखात तेवढा घालावा.

आपला,
एक नियमित वाचक